हेडलाईट लुकलुकते? बल्ब घेण्याआधी अर्थिंग पाहा

ऊस विकास अधिकाऱ्याने दिव्यांवर कशाला लिहावे, असे काही सभासद बंधूंना वाटेल. पण गळीत हंगामात आमच्या निम्म्या रात्री फडातून येणाऱ्या वाहनांमागेच जातात. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे कुठेतरी बैलगाडी, आणि खड्ड्यात चाक गेले की दिवा जातोय-येतोय! छातीत कसे धस्स होते ते ट्रॅक्टर हाकणाऱ्यालाच विचारा.

गेल्या हंगामात एका सभासदांच्या ट्रॅक्टरचा डावा दिवा असाच खेळ करीत होता. त्यांनी दोनदा बल्ब बदलला, मग नवी बॅटरी घेतली. दोष जागच्या जागी. दसऱ्यापूर्वी त्यांनी ट्रॅक्टरला हौसेने रंग दिला होता, आणि दिव्याच्या अर्थिंगची वायर ज्या बोल्टाखाली बसते तेथेही रंगाचा थर गेला होता. बोल्ट काढला, जागा लोखंड चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासली, वायर घट्ट आवळली. काम झाले.

वीज बॅटरीतून वायरने दिव्यापर्यंत येते, परंतु तिला परतही जावे लागते. ती परत जाते बॉडीमधून. ही परतीची वाट रंगाने, गंजाने किंवा ढिल्या बोल्टाने अडली की दिवा मिणमिणतो. आपण मात्र येणारी वायरच चाचपीत बसतो.

तेव्हा आधी पाहा, एकच दिवा लुकलुकतो की दोन्ही? एकच असेल तर त्याचे अर्थिंग, होल्डर आणि पिना तपासा. खूण अशी की, दिवा लावल्यावर शेजारचा इंडिकेटर उगाच मंद उजळतो. खात्री करायची तर वायरचा एक तुकडा घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे दिव्याच्या अर्थिंगच्या पिनेला लावा. प्रकाश स्थिर झाला, तर दोष अर्थिंगचाच. (चुकून प्लसच्या पिनेला लावाल तर ठिणगी उडेल, तेवढे सांभाळा.)

दोन्ही दिवे एकदम लुकलुकत असतील तर बॅटरीची टोके पाहा. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. कोरडे करून घट्ट बसवा, मायनस शेवटी. वरून व्हॅसलीन लावा. एवढ्याने भागले नाही तर बॅटरीपासून बॉडीला जाणारी जाड पट्टी आणि दिव्याचे बटण तपासा. बटण गरम लागत असेल तर आतले कॉन्टॅक्ट जळले समजा.

इंजिनाच्या वेगाबरोबर प्रकाश कमी-जास्त होत असेल तर बेल्ट आणि चार्जिंग पाहा. १२ व्होल्टच्या वाहनात इंजिन चालू असता बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. बल्ब आणि बॅटरी दोन्ही जातील.

आणखी एक. प्रकाश वाढावा म्हणून काहीजण १०० वॉटचे बल्ब बसवतात. ५५ वॉटच्या बल्बाला साडेचार-पाच अँपिअर लागतात, १०० वॉटच्याला आठच्या वर. मूळची वायर आणि बटण तेवढ्यासाठी नसतात. तापतात, सैल होतात, आणि लुकलुकणे सुरू. मग फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तार गुंडाळली जाते. मागे वाळलेले पाचट भरलेले असताना तार गुंडाळू नका, फ्यूज उडू द्या. दोन जादा फ्यूज टूल बॉक्समध्ये ठेवा.