मुगाची कीडपरीक्षा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात शमीधान्यांत मूग सर्वाधिक पथ्यकर मानला आहे. मुद्गयूषासाठी वाशीच्या घाऊक दाणाबाजारातून आणलेल्या त्याच मुगात पावसाळ्यात भुंगेरे दिसू लागले, की प्रतिकारक वाण मागवल्यास ही आपत्ती टळेल काय, असे फार्मसीचालक आम्हांस विचारतात.

प्रतिकारक कशास, हे प्रथम पाहिले पाहिजे. खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेले टार्म-१, टार्म-१८ हे वाण भुरी रोगास प्रतिकारक आहेत. भुरी ही पानांवरील बुरशी. कोठारातील भुंगेऱ्याशी तिचा संबंध नाही.

भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते. अळी थेट आत शिरते, आतच वाढते आणि सुमारे महिन्याभरात गोल छिद्रातून प्रौढ कीटक बाहेर पडतो. प्रौढास अन्नाची गरज नसते. नासाडी सारी अळीची. म्हणून परीक्षेत प्रत्येक वाणाचे मोजके दाणे निरनिराळ्या कुप्यांत घेऊन त्यांत नर-मादीच्या जोड्या सोडतात व काही दिवसांनी काढून घेतात. त्यानंतर अंडी मोजतात. परंतु केवळ तेवढ्यावर निर्णय देणे चूक, कारण मादी काचेच्या मण्यांवरही अंडी घालते! किती अंड्यांतून किती भुंगेरे निघाले, किती दिवसांनी, आणि दाण्यांचे वजन किती घटले, यांवरच वाणाची पारख होते.

मादागास्करमधील रानमुगाचा टीसी १९६६ हा नमुना या कसोटीस उतरला. अंडी त्यावरही पडतात, मात्र अळ्या दाण्यातच मरतात. संकराने हा गुण लागवडीच्या मुगात आणता येतो. येथे मात्र वैद्याने थबकावे. अळीस मारक ठरणारे द्रव्य दाण्याच्या गरात असते. साल काढल्याने ते जात नाही. मंदाग्नी रुग्णास द्यावयाचा यूष अशा मुगाचा असेल, तर शिजवलेल्या धान्याच्या भोजनपरीक्षेवाचून त्यास पथ्य म्हणणे आम्हांस मान्य नाही.

तूर्त फार्मसीत एक साधी परीक्षा करता येईल. प्रत्येक पोत्यातील १०० दाणे काचेच्या बाटलीत घेऊन, तोंडास पातळ फडके घट्ट बांधून, ४० दिवस ठेवावेत. शेतातच पक्व शेंगांवर पडलेली अंडी या काळात भुंगेऱ्यांच्या रूपाने प्रकट होतात. मग छिद्र पडलेले दाणे मोजावेत. बाटली मात्र कोठारापासून दूर उघडावी.