रिकाम्या पुंगळीचं इंजिनिअरिंग

'डीप ड्रॉइंग' म्हटलं की आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेली पंच आणि डायची आकृती आठवते. उदाहरण ठरलेलं, स्वयंपाकघरातलं पातेलं. माझ्यापुरतं ते उदाहरण आता बदललंय. माझा आतेभाऊ टेक्सासात असतो. सुट्टीच्या दिवशी तो रेंजवर नेमबाजीला जातो आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या डब्यात भरून घरी आणतो. मग गॅरेजमध्ये बसून त्यांचीच पुन्हा काडतुसं तयार करतो. याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. ('पुंगळी' हा शब्द मला आजोबांनी दिला. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'शेल'वर भागवायचो!)

एक गोष्ट आधीच सांगते. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरता हा छंद करायला केंद्राचा परवाना लागत नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार विनापरवाना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. तेव्हा हॉस्टेलच्या रूमवर कुणी प्रयोगशाळा उघडू नये. आपण फक्त धातूचा अभ्यास करू.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पहिल्या तीन मिळून एक वेळचं इंजिन म्हणा ना! प्रायमर, दारू आणि गोळी एकदाच कामाला येतात. उरते ती पुंगळी, आणि काडतुसातला सगळ्यात महागडा भाग बहुधा तोच असतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

आता आकडा बघा. .३०८ विंचेस्टर या काडतुसाला ठरवून दिलेला कमाल दाब ६२,००० पीएसआय आहे. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३२ असतो. म्हणजे जवळजवळ दोन हजार पट, आणि तोही डोळा मिटायच्या आत! तेवढ्या वेळात पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गॅस मागे, नेमबाजाच्या तोंडावर, येऊ देत नाही. दाब उतरला की थोडी आकसते, म्हणून बाहेर काढता येते. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं पितळ इथे निवडतात, कारण त्याला ताणताही येतं आणि ते स्प्रिंगसारखं मागेही येतं.

पण ती पूर्ण मागे येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे पुंगळीला वंगण लावून प्रेसमध्ये डायमधून दाबणं. त्याच दट्ट्यात मधली पिन जुना प्रायमर बाहेर पाडते. दादा म्हणाला, "वंगण विसरलीस ना, तर पुंगळी डायमध्ये अशी अडकते की दिवस जातो." दाबलेलं पितळ कुठेतरी सरकणारच, ते लांबीत सरकतं. .३०८ ची लांबी २.०१५ इंचांपेक्षा जास्त झाली की कापून २.००५ वर आणतात. लांब मान चेंबरच्या टोकाशी दबली तर ती गोळीला सोडत नाही आणि दाब भलताच चढतो. दहा हजारात विकत घेतलेला व्हर्नियर आपण लॅबमध्ये कंटाळत वापरतो, इथे त्याच्यावर डोळे अवलंबून असतात.

वर्क हार्डनिंग तर इथे उघड दिसतं. दरवेळी फुगणं, दाबणं, यामुळे मान कडक होते आणि शेवटी तडकते. म्हणून मध्येमध्ये फक्त मानेला ॲनीलिंग करतात. बूड मात्र कधीही तापवायचं नाही. ते मऊ पडलं तर दाब झेलणार कोण? बुडाच्या जरा वर भिंत आतून पातळ होत जाते, ती बाहेरून लवकर दिसत नाही. दादा पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवतो, खाच लागली की पुंगळी भंगारात.

दारूच्या बाबतीत मला वाटायचं की दुप्पट भरली जाणं हाच मोठा धोका. रायफलच्या पुंगळीत योग्य दारू बहुतेकदा मानेपर्यंत येते, दुप्पट घातली तर सांडूनच कळतं. खरी भीती चुकीच्या दारूची. पिस्तुलाची दारू फार वेगाने जळते, ती रायफलमध्ये गेली तर रायफलच फुटू शकते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि वजन छापील मॅन्युअलमधूनच, तेही सुरुवातीच्या कमी आकड्यापासून. अंदाज नाही, मित्राचा सल्ला नाही, फोन हातात नाही. बोलता बोलता पावडर मोजायला घेतली की दादा सरळ कॉल कट करतो.

या पितळेचा आपल्या देशाशीही जुना संबंध आहे. (खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा.) ब्रिटिशांच्या काळात इथे पावसाळ्यात साठवलेल्या पुंगळ्या न झाडताच आपोआप तडकायच्या. पावसाळी ऋतूत होतं म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. साठा तबेल्याजवळ असायचा. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडलं : घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, आणि ड्रॉइंगनंतर पितळेत उरलेला ताण. कमी तापमानाला तापवून तो ताण काढला की तडे थांबले. आपल्या पुस्तकात 'स्ट्रेस कोरोजन'ला दोन ओळी आहेत, घोडा कुठेच नाही!

दादा आजही पुंगळ्या साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात धुतो. अमोनिया असलेलं चकचकीत पॉलिश तो गॅरेजमध्ये येऊच देत नाही.