पुडे मोजून घेतले का जी?

अकरा महिने दर महिन्याला ५९५ रुपये ९० पैसे मी कशाचे भरत होतो, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आणि माझा धंदा काय, तर लोकांचे कागद वाचून देणं. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, धानाची नोंदणी, अंगठा लावून पैसे काढणं. दिवसभर लोक कागद पुढे सरकवतात, ‘काय लिवलं हाय, पाहा न भाऊ’ म्हणतात आणि मी वाचून सांगतो. स्वतःच्या नेटच्या बिलाचं मात्र मी एकच वाचत होतो, मोबाइलवर येणारं ‘पेमेंट सक्सेसफुल’.

डोळे उघडले मे महिन्यात. तेंदूपानं तोडायचा हंगाम, केंद्रात अंगठा लावायला रांग. एका बाईंच्या खात्यात अपेक्षेपेक्षा कमी रक्कम दिसली. त्यांनी पिशवीतून शाळेच्या वहीचं पान काढलं. त्यावर नातवाने रोजच्या रोज रेघा ओढलेल्या. सत्तर पानांचा एक पुडा, मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर. फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मुन्शी मोजतो तेव्हा या बाई शेजारी उभ्या राहून स्वतः मोजतात आणि घरी जाऊन नातवाकडून रेघा ओढून घेतात. ‘दोन शेकडे कमी लिवले त्याने,’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण आकडा पक्का होता.

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर नेटचे पैसे कापल्याचा संदेश वाजला. ‘झाले दोन हजार,’ मी पुटपुटलो.

‘कायचे?’

‘नेटचे.’

‘ठरले किती होते?’

‘बाराशे. वर टॅक्स.’

‘मंग मोजून नाई घेतले का जी?’

रांगेतले दोघे-तिघे हसले. मीही हसलो, पण दुपारी शटर अर्धं ओढून बिल उघडलं.

योजना १,२०० रुपयांची होती. १८ टक्के जीएसटी २१६, म्हणजे १,४१६. पहिली तीन बिलं तेवढीच होती. चौथ्यापासून खाली चार ओळी वाढलेल्या: स्टॅटिक आयपी २००, उपकरण देखभाल १५०, नियामक आकार ८५, विलंब आकार ७०. बेरीज ५०५, त्यावरही जीएसटी. बिल झालं होतं २,०११ रुपये ९० पैसे. अकरा महिन्यांचे जादा गेलेले ६,५५४ रुपये ९० पैसे. आमच्यासारख्या केंद्रात दाखल्यामागे सुटतात किती, हे ज्याला माहीत आहे त्याला ही रक्कम लहान वाटणार नाही.

इथपर्यंत कंपनीची गोष्ट. पुढे माझ्या चुका आहेत, आणि लेख त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

पहिली चूक रागाची. मी तार जोडायला येणाऱ्या पोराला फोन करून झापलं. तो बिचारा सुरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्याकडेला तुटलेली फायबर जोडत बसलेला. बिल त्याच्या हातात नाही. मग ग्राहक सेवेला चार-पाच फोन केले. दरवेळी मी म्हणायचो, ‘बिल जास्त येतंय.’ दरवेळी उत्तर, ‘सर, सिस्टीममध्ये बरोबर दिसतंय.’ तीन आठवडे गेले. तक्रारीचा नंबर मी एकदाही मागितला नव्हता. म्हणजे कागदोपत्री मी तक्रार केलेलीच नव्हती.

मग त्या वहीच्या पानाची आठवण झाली. बाई ‘मजुरी कमी आली’ म्हणून थांबल्या नव्हत्या. किती कमी आणि कशात कमी, हे त्या सांगत होत्या. ‘बिल जास्त आलं’ हे गाऱ्हाणं झालं. त्याला दिलगिरी मिळते. ‘ही ओळ कुठून आली’ हा प्रश्न झाला, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

मी ईमेल लिहिला, चार ओळींसाठी चार वेगळे परिच्छेद. एक नमुन्यासाठी देतो, नावं बदलून कुणीही वापरावा:

‘बिल क्रमांक अमुक, दिनांक तमुक. यात नियामक आकार म्हणून ८५ रुपये लावले आहेत. हा आकार तुमच्या कोणत्या दरपत्रकात किंवा माझ्या अर्जातल्या कोणत्या कलमात आहे? तो कोणत्या तारखेपासून सुरू झाला, आणि मला त्याची सूचना कधी व कशी दिली? माझी संमती घेतली असल्यास तिची प्रत द्यावी. आधार नसल्यास अकरा बिलांतली ही रक्कम जीएसटीसह माझ्या खात्यात जमा करावी. तक्रार क्रमांक कळवावा.’

तक्रार क्रमांक दुसऱ्याच दिवशी आला. उत्तराला महिना लागला. पण त्या महिन्यात मी स्वतःच्या कपाटातला जोडणीचा अर्ज शोधून काढला, आणि तिथे दुसरी चूक सापडली.

स्टॅटिक आयपी मीच मागितला होता. केंद्रातला कॅमेरा घरून पाहता यावा म्हणून तार जोडणाऱ्याने सुचवलं, मी ‘टाक’ म्हटलं. पहिले तीन महिने तो फुकट होता, पुढे पैसे लागणार हे बारीक अक्षरात छापलेलं होतं. उपकरण देखभाल ही ऐच्छिक सेवा. अर्जावर त्यापुढे चौकोन होता, चौकोनात खूण होती आणि खाली माझी सही. खूण माझ्या पेनाची नव्हती, सही माझीच होती.

विलंब आकाराचं कोडं मात्र बँकेच्या पासबुकाने सोडवलं. बिल भरायची मुदत महिन्याच्या १० तारखेची. तिसऱ्या महिन्यात कंपनीच्याच माणसाने माझ्या मोबाइलवर ऑटोपे लावून दिलं, आणि पैसे कापायची तारीख ठेवली १२. म्हणजे दर महिन्याला मी न चुकता दोन दिवस उशीर करत होतो, तेही त्यांनीच बसवलेल्या घड्याळाने. ऑटोपेमध्ये पैसे जाण्याच्या चोवीस तास आधी रकमेचा संदेश येतो. पंधरा हजारांपर्यंत पिन विचारत नाहीत, म्हणून तर तो संदेश वाचायचा असतो. मी अकरा वेळा तो बोटाने बाजूला सारला होता.

राहिला नियामक आकार. नाव असं भारदस्त की सरकारी वाटावं. जरा थांबून पाहा. नेटच्या बिलावर सरकारचा म्हणून जो कर दिसतो तो जीएसटी. कंपनीची नोंदणी आणि जोडणी दोन्ही महाराष्ट्रात असतील तर ९ टक्के केंद्राचे, ९ टक्के राज्याचे. कंपनी सरकारला परवान्याची फी देते, पण ते तिचं देणं आहे, ग्राहकावर बसवलेला कर नाही. तो खर्च तिने दरात धरावा, दर आधी सांगावा. तो बिलाच्या तळाशी सरकारी वाटणाऱ्या नावाने आला, तर ‘कोणत्या आदेशाने?’ एवढं विचारायचं. माझ्या या प्रश्नाला पहिल्या उत्तरात एक शब्दही नव्हता. ‘आकार नियमानुसार आहेत’ एवढ्या एका वाक्यात चारही ओळी गुंडाळल्या होत्या.

इथे बहुतेक जण सोडून देतात. मीही सोडलं असतं, पण पुढची पायरी फुकट आहे हे कळलं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीत दोन पायऱ्या असतात. पहिली तक्रार केंद्र, दुसरी अपील प्राधिकारी. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे धरावेत. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर तक्रारीची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अपील करायचं. फी नाही, वकील नाही. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपील प्राधिकारी कंपनीचाच असतो हे खरं, पण त्याला सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचाही एक प्रतिनिधी बसतो, आणि त्याच्यासमोर ‘सिस्टीममध्ये दिसतंय’ हे उत्तर पुरत नाही.

अपिलात मी चारही ओळींवर भांडलो नाही. स्टॅटिक आयपी माझा, तो मान्य केला. देखभालीबद्दल म्हटलं की सही माझी आहे, खूण माझी नाही. निदान यापुढे बंद करा. विलंब आकार आणि नियामक आकार मात्र जीएसटीसकट परत मागितले. सोबत अर्जाची प्रत आणि पासबुकाची पानं जोडली, १० आणि १२ या तारखांखाली लाल रेघ मारून.

निकाल असा: दोन्ही आकार परत, देखभाल पुढल्या महिन्यापासून बंद, मागचे १,९४७ रुपये नाहीत. १५५ रुपये, त्यावर जीएसटी, गुणिले अकरा. खात्यात जमा झाले २,०११ रुपये ९० पैसे. फुगलेल्या एका बिलाची रक्कम, पैशापर्यंत तीच.

आता आमच्या भागातल्या केंद्रवाल्यांना, गिरणीवाल्यांना, ताडोबाच्या वाटेवरच्या होम-स्टेवाल्यांना चार गोष्टी सांगतो.

जोडणी घेताना अर्जाचा फोटो काढा, सही केल्यानंतरचा, सगळ्या पानांचा. चौकोन रिकामे ठेवू नका. जे नको त्यावर फुली मारा. ‘पहिले तीन महिने फुकट’ असं काही असेल तर चौथ्या महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. गावात तार केबलवाला ओढतो, पण परवाना बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीचा असतो. बिल ज्या नावाने येतं, तक्रार त्याच नावाने करा.

वाद चालू असताना बिल भरणं सरसकट बंद करू नका. आपल्याकडे दुसरी तार नसते आणि तोडलेली जोडणी परत यायला किती दिवस लागतात, हे पावसाळ्यात आपल्याला ठाऊक आहे. वाद नसलेली रक्कम भरा, आणि ‘तक्रारीच्या अधीन राहून भरत आहे’ असं लिहून कळवा. ऑटोपे मात्र यूपीआय अॅपमध्ये जाऊन आधी थांबवा.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर आहे की नाही पाहा, कर वजा मिळतो. माझ्यासारखी वीस लाखांच्या आतली उलाढाल आणि नोंदणी नसेल, तर जादा ओळीवरचा जीएसटीही खिशातूनच जातो. म्हणून परतावा मागताना तोही धरून मागा.

आणि बिलातलं जास्तीचंच नव्हे, कमी मिळालेलंही मोजा. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. तारेच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट मिळते. पूर किंवा तत्सम नैसर्गिक आपत्तीचं कारण असेल तर कंपनी त्याकडे बोट दाखवेल. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटलं, तर तो वाद घालण्यात अर्थ नाही. पण जेसीबीने फायबर तोडली हा पूर नव्हे. बिघाडाची तक्रार करून नंबर घ्या, तारखा लिहा.

अपिलानंतरही काही उरलं तर? ट्राय एकेका ग्राहकाचा वाद सोडवत बसत नाही. दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाचा क्रमांक १०६३, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं की नाही हा वाद बरीच वर्षं चालला. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाला २४,६०९ रुपये ५१ पैशांचं बिल आलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने ग्राहक आयोगाचं दार उघडं असल्याचं स्पष्ट केलं. आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येतच दूरसंचार आहे. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे सिरोंच्याच्या माणसाने नुसत्या कागदासाठी गडचिरोलीपर्यंतचे दोनशे किलोमीटर झिजवायची गरज नाही.

पण बिझनेस जोडणीवाल्यांनो, इथे एक खड्डा आहे. ‘व्यावसायिक हेतूने’ घेतलेली सेवा या कायद्याबाहेर राहते, आणि कंपनी हा मुद्दा पहिल्याच तारखेला काढेल. एकट्याने पोट भरण्यासाठी चालवलेलं केंद्र आणि दहा माणसांचं ऑफिस यांत फरक आहे, असं तुम्ही म्हणू शकता. मानलं जाईलच याची हमी नाही. लीज लाइन असेल तर वाद कुठे न्यायचा हे बहुधा करारातच लिहिलेलं असतं. म्हणून आयोगाआधी जाणत्या वकिलाला विचारा, आणि पहिल्या दोन पायऱ्याच नीट चढा. आमचं भांडण तिथेच जिंकलं जातं किंवा हरलं जातं.

पावसाळ्यात त्या बाई पुन्हा आल्या, धानाच्या कामाला पैसे काढायला. त्यांचे दोन शेकडे ग्रामसभेच्या वहीत चढले होते. मी माझं सांगितलं, दोन हजार अकरा मिळाले म्हणून.

‘अन् बाकीचे?’

‘थोडे माझेच होते. थोड्यांवर माझी सही होती.’

‘सही होती तं मंग ते गेले,’ त्या म्हणाल्या. मी मशीन पुढे केलं. त्यांनी अंगठा उचलला आणि काचेवर टेकवायच्या आधी तसाच धरून ठेवला.

‘आधी आकडा सांग न जी, किती टाकलास?’