चिनी विद्यार्थी आणि व्यापारी इंग्रजीची कोडी



1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्यांचा चीनशी असलेला सागरी व्यापार प्रामुख्याने कँटन बंदरापुरता मर्यादित होता. तेथे सौद्यापुरती एक मिश्र इंग्रजी बोली तयार झाली. तिला ‘पिजिन’ म्हणतात. हा शब्द ‘बिझनेस’चाच चिनी उच्चार असावा, असे मानले जाते. तेच शहर आज ग्वांगचौ या नावाने ओळखले जाते आणि 1957 पासून तेथे मोठा व्यापारी मेळा भरतो. आपल्याकडील व्यापारीही तेथे खरेदीसाठी जातात. म्हणून चिनी माणसाला इंग्रजी कोठे अडते, हे आपण जाणून घेणे फायद्याचे आहे.

चिनी विद्यार्थी ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’ असे एकेरी शब्द सहज वापरतो. परंतु ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’ अशा जोडशब्दांना बिचकतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही चिनी विद्यार्थी हे जोडशब्द टाळतात, असे आढळले. स्वतः बोलताना ते टाळता येतात, गिऱ्हाईकाच्या पत्रात मात्र टाळता येत नाहीत. ऑर्डर ‘पुट ऑफ’ केली म्हणजे पुढे ढकलली. ‘कॉल ऑफ’ केली म्हणजे रद्द केली. यात गल्लत झाली, तर नको असलेला माल तयार होऊन पडतो किंवा हवा असलेला माल वेळेवर तयारच होत नाही. नुकसान दोन्हीकडून ठरलेले.

नेहमी लागणारे काही शब्द असे :

ड्रॉ अप – करारनामा तयार करणे.
बॅक आउट – दिलेल्या शब्दातून माघार घेणे.
फॉल थ्रू – सौदा फिसकटणे.
टर्न डाउन – देकार नाकारणे.
राइट ऑफ – येणे बुडीत खाती टाकणे.
वाइंड अप – धंद्याचा गाशा गुंडाळणे.

वाक्प्रचारांची अडचण आणखी वेगळी. ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात. जमाखर्चाच्या वहीत तूट लाल शाईने लिहीत, त्यावरून हा प्रयोग आला. चीनमध्ये मात्र लाल रंग शुभ. तेथील शेअर बाजाराच्या फलकावर चढता भाव लाल आणि उतरता भाव हिरवा दाखवतात. साहजिकच नवशिका ‘इन द रेड’ म्हणजे नफा समजतो. नफ्यासाठी शब्द आहे ‘इन द ब्लॅक’.

‘टेबल’ या क्रियापदापासून तर इंग्रजी जाणणाऱ्यांनीही सावध राहावे. प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिशांच्या भाषेत चर्चेला घेणे आणि अमेरिकनांच्या भाषेत बाजूला ठेवणे!

शब्दशः अर्थ लावू नये, हे चिनी माणसाला त्याच्याच भाषेतून पटवता येते. नोकरीवरून काढण्याला चिनी भाषेत ‘माकूळ परतणे’ म्हणतात, इंग्रजीत ‘सॅक’ म्हणजे पोते देतात आणि आपण नारळ देतो. वस्तू तीन, अर्थ एकच.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जोडशब्द सुटा पाठ न करता पूर्ण वाक्यात शिकावा. चिनी विक्रेत्याशी बोलताना साधा एकेरी शब्द वापरावा. आणि बोलणे संपताच नगसंख्या, दर, पोहोचण्याची तारीख व ऑर्डर कायम की रद्द, हे आकड्यांसह लिहून घेऊन समोरच्याची संमती घ्यावी. आगाऊ रक्कम त्यानंतरच पाठवावी.