अंकुराची वाढ

कुंडीत पेरलेला वाटाणा उगवलेला आपण सर्वांनीच पाहिला आहे. पण तो प्रत्यक्ष उगवताना मात्र कोणाला दिसत नाही. सकाळी पाहावे तो माती जराशी उकललेली, दुसऱ्या दिवशी पाहावे तो हिरवे टोक वर आलेले! ही वाढ आपल्या डोळ्यांदेखतच चालते. पण ती इतकी मंद असते, की डोळ्यांना उमगत नाही. १९१२ साली मुंबईत एका मराठी गृहस्थाने ही न दिसणारी वाढ पडद्यावर दाखवली. ते गृहस्थ म्हणजे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रण या विद्या संपादन केल्या. पुढे ते छपाईच्या व्यवसायात शिरले. वयाच्या चाळिशीत असताना मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहता पाहता त्यांच्या मनात आले, की आपल्या राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात. त्या क्षणापासून त्यांना चित्रपटाने झपाटले.

परंतु ही विद्या शिकावी कोणाकडून? या देशात तिची शाळा नव्हती. फाळक्यांनी पुस्तके मिळवली, लहानसे यंत्र आणले आणि रोज तासन् तास चित्रपट पाहून त्यांची रचना मनात साठवली. झोप कमी झाली, डोळ्यांवर अतोनात ताण पडला आणि काही काळ त्यांची दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. औषधोपचाराने डोळे बरे होताच त्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते भेटले. या धंद्यात पडू नका, असे कॅबोर्न यांनी प्रथम सांगितले. पण फाळक्यांचा निर्धार पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत चित्रण कसे करतात, फिल्म कशी धुतात, तुकडे कसे जोडतात हे सारे फाळक्यांनी बारकाईने पाहिले. नंतर विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते मायदेशी परतले.

आता परीक्षा होती. नाटक नाही, नट नाहीत. त्यांनी निवडला एक वाटाणा. कॅमेरा एका जागी पक्का बसवून त्या वाढत्या रोपाचे ते थांबून थांबून एकेक चित्र घेत राहिले. महिन्याहून अधिक काळ हे काम चालले. मूकपटाच्या काळात सेकंदाला सुमारे १६ चित्रे पडद्यावर सरकत. म्हणजे मिनिटभराच्या चित्रपटाला ९६० चित्रे झाली. महिन्याची वाढ मिनिटात दिसू लागली! ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल पुरवणारा मनुष्य पुढे आला. तरीही पैसा अपुराच पडला. तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले.

सरस्वतीबाईंचे साहाय्य एवढ्यावरच थांबले नाही. त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडावी लागत. एका चित्राला प्रत्येक कडेस ४ भोके, एका फुटात १६ चित्रे. म्हणजे फुटाला एका कडेस ६४ भोके! हे काम अंधाऱ्या खोलीत करावे लागे. ते त्या शिकल्या. फिल्म धुण्यासही शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ हा सुमारे ३७०० फूट लांबीचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, त्यामागे या माउलीचेही हात होते.

चित्रण झाले म्हणजे चित्रपट झाला, असे नव्हे. तुकडे कापून योग्य क्रमाने जोडण्याच्या कलेला संकलन म्हणतात. एक उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. समजा, एक मुलगा वर पाहत आहे. त्या चित्रानंतर उडणारा रोहितांचा थवा जोडला, तर मुलगा आनंदलेला वाटेल. त्याच जागी ढग नसलेले कोरडे आकाश जोडले, तर तोच चेहरा पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचा वाटेल. चेहरा तोच, अर्थ मात्र जोडणीने बदलला. म्हणूनच संकलकाने कात्री प्रामाणिकपणे चालवली पाहिजे.

आता कात्रीची जागा संगणकाने घेतली आहे आणि कॅमेरा घरोघरी मोबाइलमध्ये आला आहे. उजनीपलीकडच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी विद्यार्थिदशेत ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या गरीब मुलाची ती कथा राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरली. त्यांना विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही.

बारामती-इंदापूरच्या मुलांनाही विषय हाताशीच आहे. उसाची एक डोळ्याची कांडी कुंडीत लावावी. मोबाइल एका जागी पक्का बसवावा, उजेड शक्यतो सारखा ठेवावा आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घ्यावे. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येईल. मध्ये एक दिवस जरी मोबाइल हलला, तरी पडद्यावर कोंब उडी मारल्यासारखा दिसेल. मग काम पुन्हा आरंभावे लागेल. यंत्र सोपे झाले, पण अंकुर आपल्या वेळेनेच वाढतो. त्याच्याबरोबर थांबण्याची ज्याची तयारी असेल, त्यालाच ही विद्या प्रसन्न होईल.

स्वाध्याय
१. फाळक्यांनी पहिल्या प्रयोगासाठी वाटाणाच का निवडला असावा?
२. ३७०० फूट फिल्मच्या एका कडेस किती भोके होतील? गणित करून सांगा.
३. ‘चेहरा तोच; अर्थ मात्र जोडणीने बदलला’ हे दुसऱ्या उदाहरणाने स्पष्ट करा.