कार्ड दाराशीं बोलतें कसें ?

दिवाळीच्या सुटींत आमच्या आठवीच्या वर्गांतील एक मुलगा वडिलांबरोबर नागपुरास गेला व तेथें त्यानें मेट्रो प्रथमच पाहिली. बपेऱ्यास परत येतांच त्यानें मला विचारिलें, “सर, त्या कार्डाला सेल नाहीं, तार नाहीं; मग तें दाराशीं बोलतें कसें ?” त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देतों. पालकांनींही तें वाचावें.

कार्डाच्या दोन पापुद्र्यांमध्यें बारीक तारेचें वेटोळें असतें व त्यास नखाहूनही लहान अशी एक चिप जोडलेली असते. दारावरील यंत्रांतही असेंच वेटोळें असून त्यांतून सेकंदास १ कोटी ३५ लक्ष ६० हजार आवर्तनें करणारा विद्युत्प्रवाह खेळत असतो. त्यामुळें भोंवतालचें चुंबकीय क्षेत्र सारखें बदलतें. कार्ड अगदीं जवळ नेलें कीं त्या बदलत्या क्षेत्रानें कार्डाच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेला प्रवर्तनाचा नियम तो हाच. तेवढ्याशा विजेवर चिप जागी होते. यंत्र तिला एक संख्या देतें, दर वेळीं नवी. चिप आपल्याजवळील गुप्त किल्लीच्या साह्यानें तिचें उत्तर तयार करून परत पाठविते. किल्ली स्वतः कधींच हवेंतून जात नाहीं, म्हणून चोरानें तें संभाषण ऐकलें तरी पुढच्या वेळीं त्याचा उपयोग होत नाहीं. मग आपण कोठें आंत शिरलों ही नोंद चिपेवर होते व बाहेर पडतांना अंतराप्रमाणें भाडें वजा होतें.

एकदां मी पाकिटांत दोन कार्डें ठेवून पाकीटच यंत्रावर टेकविलें. दार उघडेना, मागें रांग वाढली ! दोन्हीं कार्डें एकदम जागीं होऊन बोलूं लागलीं, तर यंत्रानें ऐकावें कोणाचें ?

हाँगकाँग येथें अशीं कार्डें १९९७ सालीं सुरू झालीं, लंडनमध्यें २००३ सालीं. आपल्या देशांत सर्व वाहनांस एकच कार्ड चालावें म्हणून ४ मार्च २०१९ रोजीं अहमदाबादेस राष्ट्रीय सामायिक प्रवासकार्डाचा आरंभ झाला. त्यांतील शिल्लक कार्डावरच राहते, म्हणून दारास दर वेळीं बँकेस विचारावें लागत नाहीं. परंतु त्याच कारणानें हरवलेलें कार्ड हें हरवलेल्या नोटेसारखेंच समजावें.

एवढें सोपें असतां मुंबईंत सर्वत्र एकच कार्ड कां चालूं नये ? मेट्रोच्या स्टेशनांस दारें आहेत. लोकलच्या स्टेशनांस नाहींत. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, तेव्हांपासून तेथील रीत तिकीट काढावें व तपासनिसास दाखवावें अशी. जेथें दारच नाहीं तेथें कार्ड टेकवावें कोठें ? दुसरी अडचण हिशेबाची. आपलेंच उदाहरण घ्या: बपेऱ्याहून तुमसरपर्यंत एस. टी., तुमसर रोडहून आगगाडी, नागपुरांत मेट्रो. तिघांचें भाडें एका कार्डांतून कापलें, तर कोणाच्या वांट्यास किती, हें रोज कोणी तरी चोख मांडलें पाहिजे; आणि आपापलीं जुनीं यंत्रें टाकून देण्यास कोणीही सहसा राजी नसतो.

मुंबईंत १९ जानेवारी २०२३ रोजीं मेट्रोच्या २अ व ७ या मार्गांवर ‘मुंबई वन’ कार्ड आलें. पुढें ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याच नांवाच्या मोबाइल ॲपनें लोकल, मेट्रो, बेस्ट वगैरे ११ वाहतूकसेवा एकत्र आणिल्या. त्यांत दाराची अडचण टळली खरी, पण फोन आला. माझ्या मतें ज्या आजीस अक्षरें वाचतां येत नाहींत तिला फोनापेक्षां कार्डच बरें. टेकविलें कीं झालें. मात्र शिल्लक किती उरली हें तिला कोणी तरी सांगितलें पाहिजे, व तें काम नातवंडांचें. पालकांनीं कार्ड घेण्यापूर्वीं तें कोणकोणत्या गाडींत चालतें व हरवल्यास काय होतें हें खिडकीवरच विचारून घ्यावें. शिवाय आपण केव्हां कोठें गेलों याची नोंद कोठें तरी राहते, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

आतां प्रयोग. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या वेष्टित तारेचे शंभरेक वेढे घ्या, टोकें गॅल्व्हानोमीटरला जोडा व नळींत लोहचुंबक झटकन् आंतबाहेर करा. कांटा हलेल, चुंबक स्थिर धरतांच तो पुन्हां शून्यावर येईल.