पोहताना हार्ट रेट मॉनिटर: आकड्यावर किती विसंबावे

पोहताना हृदयाचे ठोके मोजण्यासाठी मनगटावरचे घड्याळ किंवा छातीचा पट्टा वापरतात. जमिनीवर दोन्हींचे आकडे बहुधा जुळतात. पाण्यात मात्र दोन्ही आपापल्या कारणाने चुकतात. खोटा कमी आकडा पाहून जोर वाढवणे, हा त्यातला खरा धोका.

घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडते आणि परतलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून ठोके मोजते. हात मारताना ते हलते, खाली पाणी शिरते आणि मोजणी बिघडते. थंड पाण्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून पुण्यातील उघड्या तलावांत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी घड्याळ अधिक चकवते. ते मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट बांधावे.

पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. पाणी स्वतःच वीजवाहक, खारे पाणी त्याहून अधिक. त्यामुळे पुण्यातील बालेवाडीच्या तलावात नीट चाललेला पट्टा समुद्रात दगा देऊ शकतो. गोव्यातील आयर्नमॅन 70.3 या ट्रायथलॉन शर्यतीत समुद्रात 1.9 किलोमीटर पोहावे लागते. त्याची तयारी करणाऱ्यांनी पट्टा आधी खाऱ्या पाण्यात पारखावा. भिंतीला पाय देऊन निघताना तो खाली सरकतो. वरून अंगाला घट्ट बसणारा पोशाख असल्यास जागेवर राहतो. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात फार लांब जात नाहीत. म्हणून नोंदी स्वतःत साठवून बाहेर आल्यावर घड्याळाला देणारा पट्टा घ्यावा.

आकडा बरोबर असला, तरी त्याचा अर्थ वेगळा असतो. आडवे शरीर, पाण्याचा दाब आणि गारवा यांमुळे तेवढ्याच श्रमात ठोके धावण्यापेक्षा मिनिटाला साधारण 10 ने कमी पडतात. धावण्याच्या मर्यादा तलावात तशाच लावल्यास नकळत अतिश्रम होतात.

पडताळणी बोटांनी करावी. भिंतीशी थांबताच मानेवर दोन बोटे ठेवून 10 सेकंद ठोके मोजावेत आणि 6 ने गुणावे. ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून पूर्ण मिनिट मोजू नये. एक ठोका चुकला तर 6 चा फरक पडतो. तफावत त्याहून बरीच मोठी आणि वारंवार आली, तर यंत्राचा आकडा बाजूला ठेवावा.

बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके दमल्यावरही फारसे वाढत नाहीत. त्यांनी श्रमाची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर किंवा अनियमित धडधड जाणवल्यास आकडा काहीही असो, ताबडतोब बाहेर यावे, जीवरक्षकाला सांगावे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी.